दिसणे आणि ओळखणे



लग्नाच्या वरातीवर किंवा सणाच्या मिरवणुकीवर घोंघावणारा ड्रोन आता आपल्याला नवा राहिलेला नाही. मुले वर पाहून हात हलवतात, मोठी माणसे पदर-टोपी सावरतात. पण या खेळण्यासारख्या वस्तूची भावंडे रणांगणावर काय करतात, याचा विचार आपण फारसा करत नाही. आज त्याविषयी थोडे लिहावे असे आम्हांला वाटते.

इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत अमेरिकन सैनिकांनी 'रेव्हन' नावाचे एक विमान वापरले. रेव्हन म्हणजे डोमकावळा. वजन दोन किलोच्या आत, पंखांची लांबी सुमारे साडेचार फूट. सैनिक ते हातात धरून भाल्यासारखे फेकतो आणि ते तास-दीड तास उडत राहते. उतरताना ते जमिनीवर आदळते व त्याचे भाग सुटे होतात. ते पुन्हा जोडले की विमान तयार! याहून लहान आहे ती 'ब्लॅक हॉर्नेट', म्हणजे काळी गांधीलमाशी. नॉर्वेत बनलेले हे चिमुकले हेलिकॉप्टर ब्रिटिश सैनिकांनी २०१२ पासून अफगाणिस्तानात वापरले. लांबी दहा सेंटिमीटर, वजन सोळा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीन-चार चमचे साखरेएवढे. तेवढ्यात तीन कॅमेरे. भिंतीपलीकडे कोण दबा धरून बसले आहे, हे ते वीसेक मिनिटे डोकावून सांगते.

या दोहोंवर शस्त्र नाही. त्यांचे काम फक्त पाहणे. मग यात नीतीचा प्रश्न तो कोणता? पाहणे हे काही पाप नव्हे. उलट, पुष्कळ जण म्हणतात की जितके स्वच्छ दिसेल तितके युद्ध कमी क्रूर होईल. या म्हणण्यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. भिंतीपलीकडे मुले खेळत आहेत हे आधीच दिसले तर तिथे तोफगोळा पडणार नाही. सैनिकाच्या आईला विचारा, तिच्या मुलाने कोपऱ्यावरून आधी डोके पुढे करावे की सोळा ग्रॅमचे यंत्र? निरपराध नागरिक आणि लढणारा सैनिक यांत फरक करा, हा न्याय्य युद्धाच्या शिकवणुकीचा गाभा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अख्खी शहरे सरसकट बेचिराख करण्याचा तीव्र निषेध केला, तोही याच कारणासाठी. फरक करायचा तर आधी दिसायला हवे.

पण दिसते ते नेमके काय? रात्रीच्या कामासाठी या विमानांवर उष्णतेचा कॅमेरा असतो. तो प्रकाश पाहत नाही, वस्तूतून बाहेर पडणारी उष्णता पाहतो. थंड रात्री माणसाचे अंग भोवतालच्या जमिनीपेक्षा उबदार असते, म्हणून पडद्यावर तो पांढऱ्या ठिपक्यासारखा उमटतो. उंचावरून त्याचा चेहरा कळत नाही. तो रडतो आहे की हसतो आहे, हेही नाही. खिडकीची साधी काच मध्ये आली तर या कॅमेऱ्याला पलीकडचे काहीच दिसत नाही.

१९५८ साली जॉन जॉन्सन नावाच्या अमेरिकन लष्करी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाने एक उपयुक्त प्रयोग केला. चित्रात किती बारकावा असला म्हणजे पाहणाऱ्याला काय कळते, हे त्याने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मापाने मोजले. वस्तूच्या रुंदीवर पट्ट्यांची एक जोडी मावली तर 'तिथे काहीतरी आहे' एवढे कळते. चार जोड्या मावल्या तर 'हा माणूस आहे, गाय नव्हे' हे कळते. सहाहून थोड्या अधिक मावल्या तर 'हा सैनिक दिसतो' इथवर मजल जाते. लष्करी कॅमेऱ्यांची आखणी पुढे कित्येक वर्षे याच मापांवर होत आली. आणि गंमत पाहा, गंमत कसली म्हणा, ही मापे निम्म्या शक्यतेची आहेत. म्हणजे एवढा बारकावा असला तरी पाहणारा दहापैकी पाच वेळाच बरोबर ठरेल, असे त्यांत गृहीत आहे. या शास्त्रज्ञाचा प्रामाणिकपणा आम्हांला मोलाचा वाटतो. 'काहीतरी आहे' आणि 'अमुक आहे' यांत अंतर असते हे त्याने लपवले नाही.

हे अंतर आमच्या सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतही होते. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की डोळा पांढरा रंग पाहण्यात सहसा चुकत नाही, ते पांढरे काय आहे हे ठरवताना चूक होते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेच पुढे नेले. सत्य आणि असत्य यांचा प्रश्न खऱ्या अर्थाने निर्माण होतो तो बुद्धी 'हे असे आहे' असा निवाडा देते तेव्हा. कॅमेऱ्यातला ठिपका पांढराच असतो. 'शत्रू' हा शब्द त्यात नसतो, तो पाहणारा आपल्या पदरचा घालतो.

२९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये काय झाले ते आठवा. तिथले ड्रोन मोठे आणि शस्त्रसज्ज होते, पण धडा कॅमेऱ्याचाच आहे. अमेरिकन सैन्याने एका पांढऱ्या मोटारीवर सुमारे आठ तास नजर ठेवली. मोटारीत स्फोटके भरली जात आहेत असा निष्कर्ष निघाला आणि क्षेपणास्त्र सुटले. दहा माणसे मेली, त्यांत सात मुले होती. मोटार चालवणारा एका मदतसंस्थेचा कर्मचारी होता आणि गाडीत पाण्याचे कॅन असल्याचे मागाहून उघड झाले. १७ सप्टेंबरला सैन्याने चूक कबूल केली. आठ तास पाहिले होते! कॅन दिसले होते, माणसे दिसली होती. डोळ्याने चूक केली नाही.

जुन्या नीतिशास्त्राच्या पुस्तकांत शिकाऱ्याचे एक उदाहरण असे. झुडपात काहीतरी हलते आहे. हरीण असेल, कदाचित माणूसही असेल. बाण सोडावा का? उत्तर ठाम होते: नाही. हरीण असण्याची शक्यता अधिक असली तरी नाही. प्रश्न माणसाच्या प्राणाचा असेल तर संशयाचा फायदा झुडपाला द्यायचा. १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारातही हेच तत्त्व आहे: व्यक्ती नागरिक की सैनिक याविषयी शंका असेल तर तिला नागरिक समजावे. (या करारात ना अमेरिका सामील आहे, ना भारत.)

तरीही, कॅमेरा परिपूर्ण झाला म्हणजे प्रश्न सुटेल असे कुणी समजू नये. दावीद राजा संध्याकाळी राजवाड्याच्या गच्चीवर फिरत होता. उंचावरून त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. त्याने चौकशी केली आणि त्याला पूर्ण उत्तर मिळाले: ती अमक्याची मुलगी, उरीयाची बायको. जॉन्सनच्या साऱ्या पायऱ्या दावीद चढला होता, ओळख नावानिशी पटली होती. पुढे त्याने काय केले, आणि उरीयाला लढाईच्या कुठल्या टोकाला पाठवले, हे आपण जाणतो. उंचावरून, आपण न दिसता दुसऱ्याला पाहणाऱ्याच्या मनात एक सत्ता शिरते. पाहिला जाणारा त्याला उलट पाहू शकत नाही ना!

कधी कधी मात्र तो उलट पाहतो. २०२३ च्या मे महिन्यात युक्रेनमधील बाखमुत येथे खंदकात एकटा उरलेला एक रशियन सैनिक डोक्यावरच्या लहान ड्रोनकडे पाहून हातवारे करू लागला. मारू नका, असे तो विनवत होता. ड्रोन चालवणारे युक्रेनी सैनिक दूर पडद्यासमोर बसले होते. त्यांनी त्याला मारले नाही. शरण यायचे असेल तर ड्रोनच्या मागे चल, असा मजकूर लिहिलेला कागद त्यांनी वरून टाकला आणि तो माणूस यंत्राच्या मागे चालत जिवंत पलीकडे पोहोचला. कॅमेरा तोच होता, चित्राचा बारकावा तेवढाच होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२४ च्या जून महिन्यात इटलीत जी-सात राष्ट्रप्रमुखांसमोर सांगितले की माणसाचा जीव घेण्याचा निर्णय कोणत्याही यंत्राकडे कधीच जाऊ नये. त्या खंदकावर केवळ यंत्र असते आणि पडद्याशी माणूस नसता, तर ते हातवारे कुणी वाचले असते?

आपल्याकडचेही एक उदाहरण देतो. मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या तरुणांनी उभ्या केलेल्या कंपनीने डीआरडीओबरोबर टेहळणीसाठी दीडेक किलोचा एक ड्रोन बनवला. नाव ठेवले 'नेत्र'. सुरक्षा दलांसाठी बनलेला हा डोळा २०१३ साली उत्तराखंडच्या महापुरात दरडींपलीकडे अडकलेली माणसे शोधायला वापरला गेला. रानात झऱ्यापाशी असलेल्या गरोदर हागारेने देवाला नाव दिले होते, मला पाहणारा देव. त्या डोंगरात वर घोंघावणारे यंत्र पाहून अडकलेल्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

आमच्याकडे अलीकडे इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा एक युवक आला होता. अशाच एका कंपनीत नोकरी मिळण्याची शक्यता होती. "फादर, घेऊ का? मी तर फक्त कॅमेऱ्याचे सॉफ्टवेअर लिहिणार." आम्ही त्याला नको म्हटले नाही. देशाच्या सीमेवर उभ्या असलेल्या मुलाला डोळे देणे हे वाईट काम नाही. पण 'फक्त' हा शब्द बाजूला ठेव, असे सांगितले, आणि मुलाखतीत दोन गोष्टी विचारायला सांगितल्या. यंत्राला खात्री नसेल तेव्हा पडद्यावर कोणता शब्द उमटतो? आणि तो शब्द वाचून निर्णय घेणाऱ्या माणसाला किती सेकंद मिळतात? तो पुढच्या आठवड्यात जाणार आहे.