गोठा हलला तर

मिशिगनमध्ये आमच्या घरामागे मी एक शेड उभी केली. तिच्यात हिवाळाभर आमचा चोवीस फुटी ट्रेलर असतो. चूल, बिछाने, मोरी सगळं असलेलं चाकांवरचं घर. साताऱ्याहून दादानं फोनवर विचारलं, "अरे, घरासाठी घर बांधतोयस? फिरायचं होतं ना तुला?" प्रश्न साधा होता, पण माझ्या मनातून गेला नाही. भटकायला निघालेल्यानं निवारा का बांधावा?

आधी ताडपत्रीवर भागवलं होतं. वाऱ्यानं फडफडून तिची कड छपराच्या रबरावर घासत राहिली, भोक पडलं आणि बर्फाचं पाणी मुरून आतलं प्लायवूड कुजलं. काँक्रीटवर पक्कं बांधायला बायको तयार नव्हती. "सिमेंट ओतलं की जागा आपल्याला धरून ठेवते," म्हणाली. म्हणून सहा इंची जाडीच्या दोन लांब तुळया जमिनीवर आडव्या टाकल्या. त्यांची टोकं होडीच्या नाळेसारखी तिरपी कापली, म्हणजे ओढताना मातीत रुतत नाहीत. त्यांवर खांब, कोपऱ्यांत तिरपे टेकू, वर उतरता पत्रा. रिकामी शेड वारा उचलून नेतो, म्हणून चारही कोपरे जमिनीत पिळून बसवलेल्या लोखंडी स्क्रूंना बांधले. हलवायची झाली की ते सोडायचे आणि ट्रॅक्टर जोडायचा.

त्याच हिवाळ्यात बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकातला महावग्ग वाचत होतो. त्यात वर्षावासाची हकीकत आहे. भिक्षू पावसाळ्यातही हिंडत, कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवत. लोक चिडले. पाखरंसुद्धा पावसाळ्यात झाडावर घरटं करून राहतात, यांना तेवढंही कळत नाही, असं बोलू लागले. तेव्हा बुद्धानं आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. उघड्यावर, झाडाच्या ढोलीत, छत्रीखाली किंवा रांजणात पावसाळा काढायला मात्र मनाई केली. इथपर्यंत ठीक. पण एक भिक्षू गुराख्यांच्या गोठ्यात वर्षावासाला राहतो आणि मध्येच गोठा हलतो. आता यानं काय करायचं? बुद्ध सांगतो, गोठा जाईल तिकडे जा. तांड्याबरोबर आणि नावेतही राहायची मुभा आहे.

तिथं मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. मुक्कामाचा नियम आणि हलणारा मुक्काम, दोन्ही एकाच अध्यायात. मला वाटतं, बांधून घ्यायचं होतं ते जमिनीशी नाही. आपल्या पावलाखाली कोण येतं, याच्याशी.

मे महिन्यात शेड उंचवट्यावर सरकवायची होती आणि मग आम्ही निघणार होतो. स्क्रू सोडायला वाकलो तर एक पक्षी ओरडत पळाला, पंख मोडल्यासारखा घसटत. किलडिअर, आपल्या टिटवीच्या कुळातला. तुळईपासून हातभर अंतरावर, खडीतल्या खळग्यात चार अंडी. रंग खडीचाच, वर काळे शिंतोडे. एकदा नजर काढली की पुन्हा सापडेनात. टिटवीनं जितकी अंडी घातली तितके महिने पाऊस, असं आमच्याकडे शेतकरी म्हणत. पण रात्री ती ओरडली की आई अशुभ मानून देवाचं नाव घ्यायची.

ट्रेलरची चाकं नेमकी त्या खळग्यावरून जाणार होती. ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याला नको म्हणून कळवलं आणि कॅम्पची आरक्षणं रद्द केली. बायकोनं गवत कापताना चूक होऊ नये म्हणून चार विटा लावल्या. पक्षी साडेतीन आठवडे बसला. पावसात पंख किंचित पसरून, चोच वाऱ्याकडे करून.

पिल्लं निघाली ती पिसं वाळताच चालू लागली. चारही आईमागून तुळईच्या तिरप्या टोकाखालून गेली. दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्याला फोन केला.