पेरणारा एक, कापणारा दुसरा

मननासाठीं: योहान ४:३५-३८



कल्याण-ठाण्याकडील शेतकरी राब भाजतो व आषाढांत चिखलांत उभा राहून भाताची लावणी करितो, तें कार्तिकांत आपणच कापूं ह्या आशेनें. प्रभूनें मात्र शिष्यांना शिकविलें कीं, देवाच्या शेतांत पेरणाऱ्याच्याच हातीं विळा येतो असें नाहीं.

ह्या बोधाचा दाखला आपल्या आगगाडीच्या वाटेवरच आहे. डोंबिवली-कल्याणाहून किती रोगी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत जातात! तें कसें उभें राहिलें? सन १९३१ मध्यें लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. पती सर दोराबजी ह्यांच्यापाशीं धन उदंड होतें. परंतु त्या काळीं त्या रोगावर गुणकारी औषध जगांत नव्हतें, आणि जें नाहीं तें धनानें विकत मिळत नाहीं. सन १९३२ मध्यें त्यांनीं पत्नीच्या स्मरणार्थ ह्याच रोगाच्या संशोधनासाठीं न्यास स्थापिला, बहुतेक संपत्ति दुसऱ्या एका न्यासास दिली, व त्याच वर्षीं तेही गेले. त्या दुसऱ्या न्यासानें परळचें रुग्णालय बांधून १९४१ सालीं उघडलें. पुढें तें सरकारकडे गेलें.

सन २०२३ मध्यें पवईची आय.आय.टी. व हेंच रुग्णालय ह्यांच्या संशोधनांतून निघालेल्या एका उपचारास सरकारची मान्यता मिळाली. रोग्याच्याच रक्तांतील पांढऱ्या पेशी काढून, त्यांना रोग ओळखण्यास समर्थ करून, पुन्हा त्याच्या अंगांत सोडतात. रक्ताच्या कांहीं कर्करोगांत इतर उपाय हरल्यावर तो देतात. मेहेरबाईंच्या मरणास तेव्हां ९२ वर्षें लोटलीं होतीं.

कोणी म्हणेल, “पारशी गृहस्थाचा कित्ता मंडळींत कशाला?” बंधो, दया शिकवितांना प्रभूनें शमरोन्यालाच पुढें केलें. दुसरा म्हणेल, “प्रार्थना असतां संशोधन कां?” सुवार्ता लिहिणारा लूक वैद्यच होता ना?

आमच्या मंडळ्यांत अशींही घरें आहेत, जेथें प्रार्थना झाली, औषध झालें, तरी लेकरूं गेलें. त्या आईबापांना आम्ही सोपें उत्तर देत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, दुःखाची मूठ वळून बसतां येतें, किंवा ती उघडून परक्याच्या लेकरासाठीं पेरतां येतें.

आमच्यापाशीं न्यास नाहींत. विधवेच्या दोन टोल्या तर आहेत! मृताच्या नांवें जेवणावळीस लागणाऱ्या पैशांतील कांहीं भाग संशोधनास द्यावा. रक्त द्यावें. मशेरी व तंबाखू सोडावी. तोंडांतील न भरणारी जखम लपवूं नये. नव्या उपचाराच्या परीक्षेसाठीं डॉक्टर संमति मागतील, तेव्हां भिऊन पळूं नये; सर्व विचारून, समजून उत्तर द्यावें.

उपदेशक बंधूंनीं हें येत्या रविवारीं मंडळीस वाचून दाखवावें. पेरणारा व कापणारा ह्यांस एकत्र आनंद करविणारा प्रभु आमचे हात उघडो. आमेन.