नजरेची इजाजत

माणसाला उंचीची ओढ फार जुनी आहे. टेकडी, बुरूज, मिनार, गच्ची, जिथून जास्त दिसते तिथे तो चढत आला आहे. पण उंचावर गेलेल्याने खालचे किती पाहावे, हा प्रश्नही तितकाच जुना आहे. ड्रोन नावाच्या छोट्या यंत्राने तो आज पुन्हा आपल्या दारात आणून ठेवला आहे.

आमच्या मालेगावात लग्नाचे चित्रीकरण करणारी तरुण मुले आता ड्रोनच्या मागे आहेत. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या अशाच एका मुलाने मला विचारले, "टीचर, पहिला ड्रोन कोणता घेऊ?" मी विज्ञान शिकवते, म्हणून त्याने विचारले असावे. त्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सोपे होते.

शिकणाऱ्याने कॅमेऱ्याच्या आधी वजन पाहावे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला 'नॅनो' म्हटले आहे. तो उडवायला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड, दोन किलोपर्यंतचा ड्रोन 'मायक्रो'. तो धंद्यासाठी वापरायचा तर प्रमाणपत्र हवे. अनेक देशांच्या कायद्यांत हीच २५० ग्रॅमची रेषा आहे, म्हणून तर काही नामांकित छोटे ड्रोन बरोबर २४९ ग्रॅमचे असतात. तयार परदेशी ड्रोन आणण्यावर सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली. तेव्हा बिलाशिवाय कुणी स्वस्तात देत असेल तर तो मोह टाळावा.

शिकण्यासाठी आधी खेळण्यातला, हलका, जीपीएस नसलेला ड्रोन घ्यावा. जीपीएसवाला ड्रोन हात सोडला तरी हवेत जागच्या जागी थांबतो. त्यामुळे उडवणाऱ्याला आपल्याला सगळे येते असे वाटू लागते. खेळण्यातला ड्रोन वाऱ्याबरोबर सरकतो आणि हाताला शिकवतो. सकाळी वारा पडलेला असताना, वीजतारांपासून आणि माणसांपासून दूर, मोकळ्या मैदानात सराव करावा. बहुतेक रिमोटवर डाव्या दांडीने उंची आणि वळण, उजवीने पुढे-मागे आणि बाजूला जाणे सांभाळले जाते. बॅटरी एक तृतीयांश उरली की परत फिरावे, कारण येताना वारा समोरून असेल तर जास्त बॅटरी लागते.

सगळ्यात अवघड धडा वेगळाच आहे. ड्रोनचे तोंड आपल्याकडे वळले की डावे-उजवे उलटे होते. आपण उजवीकडे दाबतो आणि तो आपल्या डावीकडे जातो. मग आपली जागा विसरून त्याच्या जागी बसून विचार करावा लागतो. हे ज्याला जमले त्याला ड्रोन जमला.

इथवर सांगणे सोपे होते. उरलेले अर्धे उत्तर मात्र कुठल्याही माहितीपुस्तिकेत मिळत नाही.

आमच्या मोहल्ल्यात घराला घर चिकटलेले आहे. खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर दोन खोल्या आणि त्यावर गच्ची. बाईच्या वाट्याला येणारे मोकळे आकाश एवढेच. तिथे कपडे वाळतात, पापड वाळतात, न्हालेले केस वाळतात. खाली बोलता येत नाही ते दोन बहिणी तिथे बोलतात. गच्चीचा कठडा शेजाऱ्याच्या नजरेचा अंदाज घेऊन बांधलेला असतो. ड्रोनला कठडा नाही. एका घरच्या वरातीसाठी तो वर जातो आणि शेजारच्या वीस गच्च्या त्याच्या चित्रात येतात. एखादी बाई वर पाहते, ओढणी सावरते आणि मुकाट्याने जिना उतरते. तिला कुणी काही बोलले नाही, कुणी वाईट नजरेने पाहिले असेही नाही. तरी तिचे काहीतरी गेले. काय गेले?

काही जण म्हणतात, जी काही चुकीचे करत नाही तिने कशाला घाबरावे? हा युक्तिवाद मला पटत नाही. खाजगीपणा म्हणजे गुन्हा लपवण्याची जागा नव्हे. इतरांच्या डोळ्यांसाठी स्वतःला सतत नीटनेटके ठेवावे लागू नये, एवढी सवलत म्हणजे खाजगीपणा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात तो मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. दुसरे म्हणतात, आकाशात उपग्रह आहेत, चौकात कॅमेरे आहेत, मग एका ड्रोनने काय बिघडते? पण दहा जण डोकावतात म्हणून अकराव्याला डोकावण्याचा हक्क मिळत नाही.

आपल्या परंपरेत हा विचार नवा नाही. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात सलाम करून, परवानगी घेऊनच जाण्याची आज्ञा आहे. सूरह हुजुरातमध्ये लोकांच्या पाळतीवर राहण्यास मनाई आहे. मध्ययुगात बाजारावर आणि नगरव्यवस्थेवर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबांसाठी 'हिस्बा'चे ग्रंथ लिहिले गेले. त्यांत मुअज्जिनालाही ताकीद आहे की मिनारावर चढल्यावर लोकांच्या घरांत पाहू नये. अजान देणाऱ्याच्या नेक हेतूवर कुणाचा संशय नव्हता. तरीही उंचीबरोबर जबाबदारी येते हे त्या लोकांना कळत होते. लाऊडस्पीकर आला आणि मिनारावर चढण्याची गरज संपली. ती ताकीद मात्र संपलेली नाही. आज तिचा पत्ता रिमोट धरणाऱ्याच्या हातात आहे.

इथे आपण स्वतःलाही एक प्रश्न विचारायला हवा. २०२० च्या टाळेबंदीत अनेक शहरांत पोलिसांनी ड्रोन उडवून गल्ल्यांवर आणि गच्च्यांवर लक्ष ठेवले. मिरवणुकांवर, वस्त्यांवर तो आजही फिरतो. त्याखाली उभे राहताना आपण अवघडतो, आम्ही काय गुन्हेगार आहोत का, असे चिडून म्हणतो. मग तेच यंत्र आपल्या पोराच्या हाती आले की शेजारणीचे अवघडणे आपल्याला दिसत का नाही? ज्या नजरेविषयी आपली तक्रार आहे ती आपण दुसऱ्यावर टाकत असू, तर आपली तक्रार नजरेविषयी नव्हतीच. रिमोट आपल्या हातात नव्हता, एवढीच होती. ड्रोनच्या जागी बसायला शिकलेल्याने खालच्या गच्चीत उभे राहायलाही शिकले पाहिजे.

हे अशक्य आहे असे नाही. एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने 'स्वामित्व' योजना सुरू केली. तीत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते. आधी ग्रामसभेत लोकांना माहिती द्यायची, मग घरमालकांच्या समोर हद्दीवर चुन्याच्या रेषा आखायच्या आणि मग ड्रोन उडवायचा, अशी तिची रीत आहे. वरून पाहिले जाणार हे खालच्यांना ठाऊक असते आणि आपली हद्द दाखवण्यात त्यांचाही हात असतो. यंत्र तेच, पण तिथे माणसे सहभागी असतात.

म्हणून त्या मुलाला मी सांगितले: ड्रोन जरूर घे, त्यात तुझी रोजी आहे. हिरव्या क्षेत्रात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत उडवायला सरकार वेगळी परवानगी मागत नाही. पण सरकार आकाशाची मोकळीक देते, गच्चीची नाही. आदल्या दिवशी आजूबाजूच्या घरी निरोप दे, वेळ सांग, तेवढाच वेळ उडव. कॅमेरा मांडवावर ठेव. नको ते चित्रात आले तर ग्राहकाला देण्याआधी कापून टाक. कुणी नको म्हटले तर वाद न घालता खाली उतरव. यात काही सुंदर दृश्ये हातची जातील, एखादा ग्राहकही जाईल. पण शेजाऱ्याला विचारायची ज्याला लाज वाटते, त्याला न विचारता चित्र घेण्याचीही लाज वाटायला हवी.