उभी हिरवळ, तरंगती हिरवळ

पुण्यात मुळा-मुठेवर उन्हाळ्यात जलपर्णीचा जाड थर चढतो. मग पालिकेची यंत्रं लागतात, बातम्या येतात, डासांच्या तक्रारी वाढतात. त्याच भागात माळावर, रस्त्याच्या कडेला सुबाभूळ दाटत जाते आणि तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. वास्तविक दोघी पाहुण्या अमेरिकेच्या उष्ण भागातल्या: जलपर्णी अॅमेझॉनच्या खोऱ्यातली, सुबाभूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परकीय जीवांच्या यादीत दोघींची नावं आहेत.

जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आली, ती तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने. काही दशकांत भातखाचरं आणि जलमार्ग असे तुंबले, की 1936 साली तिच्यासाठी बंगालला स्वतंत्र कायदा करावा लागला. स्पंजासारख्या फुगीर देठांवर ती तरंगते, धावत्या खोडांनी पिलं काढते, अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. बी मात्र तळाच्या गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. म्हणून वरवर उपसून ती संपत नाही.

सुबाभळीची कहाणी वेगळी, कारण तिला सन्मानाने आणलं गेलं. 1970च्या दशकात उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या ‘बाएफ’ या संस्थेने तिचा हिरिरीने प्रसार केला. तिचा पाला प्रथिनांनी समृद्ध असतो, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, तोडली की पुन्हा फुटते. कोरडवाहू शेतकऱ्याला चारा आणि सरपण एकाच झाडातून मिळालं, हे खरं यश होतं. पाल्यातल्या मिमोसिनमुळे तो अति खाल्ला तर जनावरांचे केस गळतात. म्हणून जाणते गोपालक तो इतर चाऱ्यात मिसळून देतात.

पण चाऱ्यासाठी नियमित छाटली न गेलेली सुबाभूळ शेंगांनी लगडते. एकटं झाडही स्वपरागणाने भरपूर बी धरतं. त्या दाट गर्दीखाली देशी गवतं आणि झुडपं मागे पडतात. नदी झाकली की डोळ्यांत खुपते. टेकडी झाकली की वृक्षारोपण सफल झाल्याची नोंद होते. हा दुजाभाव धोक्याचा वाटतो.

दोघींच्या फैलावाला माणसाने वाट करून दिली आहे. प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद जलपर्णीला पोसतो. उघडी पडलेली, देशी रोपं न लावलेली जमीन सुबाभळीला मोकळी सापडते. बंगळूरच्या परिसरात 1980च्या दशकात जलपर्णी खाणारे भुंगेरे सोडले गेले आणि त्यांनी काही तलावांत तिला खरोखर आवरलंही. सांडपाणी तसंच येत राहिलेल्या नदीत मात्र अशा उपायांचं बळ अपुरं पडतं. सुबाभळीच्या बाबतीत शेंगा पिकण्याआधी छाटणी करणं शक्य आहे, शेताच्या बांधावर तर सहज. डोंगरावर ती कोण करणार, हे ठरल्याशिवाय तिथे तिची नवी रोपं लावू नयेत.