जुन्या नाण्याचे मोल आणि जाणकाराची जबाबदारी

हजरत शुऐब (अलै.) यांच्या तोंडून माप-तोल पुरे करण्याची आज्ञा सांगितल्यावर पवित्र कुरआन लगेच दुसरी आज्ञा सांगतो : लोकांच्या वस्तूंचे मोल कमी करू नका. सूरह अल-अअराफ, सूरह हूद आणि सूरह अश-शुअरा अशा तीन ठिकाणी या दोन आज्ञा जोडीने आल्या आहेत. माप-तोलातील चोरी तराजू पकडून देतो. दुसरी चोरी मात्र तराजूलाही सापडत नाही. वजन खरे असते, पैसे रोख मिळतात, विकणारा राजीखुशीने देतो. तरीही त्याच्या वस्तूचे खरे मोल त्याला कळू दिलेले नसते. कुरआनच्या भाषेत हे 'बख्स' होय. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ते ज्या सहजतेने घडते, तितके क्वचितच दुसरीकडे घडत असेल.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला हा विषय परका नाही. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि बाजारात हाली सिक्का चालत असे. सोलापूरकडच्या इंग्रजी मुलखात कलदार रुपया होता. कलदार बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, व त्यात सुमारे 92 टक्के चांदी. मीर उस्मान अली खान यांच्या काळातील चारमिनारचा हाली रुपया सुमारे 11.18 ग्रॅमचा, त्यात चांदी सुमारे 82 टक्के. 1950 मध्ये सात हाली रुपयांना सहा भारतीय रुपये असा दर होता, आणि जुन्या कलदाराशी ताडून पाहिले तर शुद्ध चांदीचे प्रमाणही जवळपास तेवढेच भरते. 1959 मध्ये हाली चलन कायमचे बंद झाले. व्यवहारातून नाणी गेली, पण पेटीच्या तळाशी, देवळीतल्या डब्यात, आजीच्या गाठोड्यात ती राहिली.

अशा नाण्याला दोन किमती असतात. एक धातूची, जी कोणताही सराफ वजन करून सांगतो. दुसरी दुर्मिळतेची. ती नाण्यावरील हिजरी सन, टांकसाळ, राज्यारोहणाचे वर्ष आणि नाण्याची अवस्था यांवर ठरते. एकाच चेहऱ्याची दोन नाणी शेजारी ठेवली, तर एक केवळ चांदीच्या भावाचे आणि दुसरे त्याच्या कितीतरी पट मोलाचे असू शकते. हा फरक ज्याला वाचता येतो तो एका बाजूला, आणि ज्याला औषधपाण्यासाठी उद्याच पैसे हवेत तो दुसऱ्या बाजूला. प्रश्न असा की, जाणकाराने गप्प राहून ते नाणे चांदीच्या भावाने घेतले, तर तो सौदा हलाल झाला काय?

फिक्हच्या ग्रंथांत या प्रश्नाची चर्चा 'गब्न', म्हणजे मोलातील नुकसान, या शीर्षकाखाली आहे. पारखी लोकांच्या अंदाजांत जेवढे अंतर पडते तेवढे नुकसान 'यसीर', म्हणजे किरकोळ. कोणताही पारखी सांगणार नाही इतकी तफावत असेल तर ती 'फाहिश'. हनफी फकीहांच्या प्रसिद्ध मतानुसार फाहिश नुकसानासोबत फसवणूकही असेल, तर फसलेल्याला सौदा मोडण्याचा हक्क आहे. "हे साधेच नाणे आहे, असली पोत्याने मिळतात," असे खोटे सांगून घेतलेले नाणे या सदरात येते. परंतु खरेदीदार काहीच बोलला नाही, तर काझीला सौदा मोडता येईलच असे नाही.

इथे पुष्कळजण थांबतात. काझी मोडू शकत नाही, म्हणजे व्यवहार निर्दोष, असे ते मानतात. पण काझी जिभेने उच्चारलेले तपासतो. अंतःकरणात दडवलेल्याचा हिशेब परलोकात होतो. हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांच्या नोकराने त्यांच्यासाठी तीनशे दिरहमला घोडा ठरवला. घोडा पाहून त्यांनी मालकाला सांगितले की, तुझा घोडा याहून अधिक मोलाचा आहे. आणि स्वतःच किंमत वाढवत आठशेपर्यंत नेली. कारण विचारले असता ते म्हणाले की, प्रत्येक मुसलमानाचे हित चिंतीन अशी बैअत मी अल्लाहच्या प्रेषितांशी (स.) केली आहे. हा तक्वाचा उच्च दर्जा आहे, हे खरे. पण दिशा तीच आहे.

यावर व्यापारी विचारील, "वर्षानुवर्षे अभ्यास मी केला, पुस्तके मी घेतली, फिरलो मी, त्या ज्ञानाचा मोबदला नको काय?" अवश्य हवा. दुकानाचा खर्च, अडकलेले भांडवल, गिऱ्हाईक मिळेपर्यंतचा काळ या सर्वांचा वाजवी नफा शरीअतने रोखलेला नाही. "बाजारात याला इतके मिळू शकतात, मी इतके देईन, माझा नफा एवढा," असे सांगणारा व्यापारी आपल्या ज्ञानाची मजुरी घेतो. मोल दडवणारा दुसऱ्याच्या अज्ञानाचा माल करतो.

याची सर्वात कडू उदाहरणे बाजारात नव्हे, घरात दिसतात. वडिलांच्या पश्चात नाण्यांची वाटणी निघते. भावाने मोल आधीच काढून आणलेले असते, आणि बहिणीला चांदीच्या वजनाने पैसे देऊन फारकत लिहून घेतली जाते. वारशातील हिस्से अल्लाहने स्वतः ठरवून दिले आहेत. हिस्सा कागदावर पुरा आणि मोलात अपुरा, ही मीरासीतील चोरीच होय.

आता बनावट नाण्यांकडे पाहू. इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या'मध्ये खोट्या दिरहमविषयी फार गंभीर विचार मांडला आहे. चोरी एकदा होऊन संपते; खोटे नाणे मात्र चालवणारा मेल्यावरही हातोहात फिरत राहते आणि पाप वाढवत जाते. म्हणून आपण फसलो तरी ते नाणे पुढे खपवण्याची मुभा नाही.

आज श्रद्धेचाही बाजार मांडला जातो. 786 क्रमांकाच्या नोटेला लाखो रुपये मिळतील, अशी आशा दाखवली जाते. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, 1818 सन आणि देवतांची चित्रे असलेले 'आणे' पुरातन म्हणून विकले जातात. कंपनीने ते कधी पाडलेच नव्हते. तांदूळ ओढणाऱ्या चमत्कारी नाण्यापायी लोकांनी आयुष्याची कमाई घालवली आहे. फसणारा हिंदू असो वा मुसलमान, युक्ती एकच. आसफजाही नाण्यांवर 92 हा आकडा आढळतो, अबजद गणनेत तो प्रेषितांच्या (स.) नावाचा आकडा. आदर अवश्य असावा, पण त्या आकड्याने नाणे दुर्मिळ होत नाही. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी शुल्क वा कर मागणाऱ्यांपासून रिझर्व्ह बँकेनेही 4 ऑगस्ट 2021 रोजी सावध केले आहे.

म्हणून मालकानेही आपले कर्तव्य ओळखावे. नाणे चिंचेने वा राखेने घासू नये. चकाकी येते, पण मोल जाते. सूक्ष्म तोलकाट्यावर वजन करावे, कडेला ओतकामाची शिवण दिसते का पाहावे. किमान दोन-तीन असंबंधित जाणकारांना विचारावे, आणि जो विकत घेणार त्याच्या एकट्याच्या अंदाजावर विसंबू नये.

तेरसारख्या प्राचीन गावाच्या शिवारात जमिनीतून नाणी निघाली, तर प्रश्न वेगळा होतो. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. देशाचा कायदा हा आपण स्वीकारलेला करार आहे, आणि करार पाळणे हा दीनचाच भाग आहे.

गावोगावी नाण्यावरील फारसी अक्षरे वाचून घ्यायला लोक मशिदीच्या इमामाकडे येतात, माझ्याकडेही येतात. सन आणि टांकसाळ वाचणे वेगळे, मोल सांगणे वेगळे. जे कळत नाही ते कळत नाही म्हणावे, आणि वाचून दिल्यावर स्वतः गिऱ्हाईक होऊ नये, एवढे पथ्य आम्हा इमामांनी पाळले पाहिजे. ज्याचा सल्ला घेतला जातो तो अमानतदार असतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. सराफ, संग्राहक, थोरला भाऊ, सर्वांना ती सारखीच लागू आहे. नाणे वाजवून घेण्याची रीत जुनी आहे; त्या दिवशी आपणही वाजवून पाहिले जाणार आहोत. अल्लाह आपल्याला खऱ्या नाण्यासारखे राहण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.