आधी गोष्ट, मग नाव

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक स्त्री मंचकावर बसली आहे. तिची मान कलली आहे, डोळे अर्धवट मिटले आहेत, मागून दासीने तिला सावरून धरले आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करत होते. भावदर्शनात फ्लॉरेन्स आणि व्हेनिसचे चित्रकारही या चित्राच्या पुढे गेले नसते, अशा आशयाची दाद त्यांनी दिली. पुढे ‘मरणोन्मुख राजकन्या’ हेच या चित्राचे नाव होऊन बसले. जळगावहून फर्दापूरमार्गे लेणी पाहायला येणाऱ्यांच्या कानावर आजही ते पडते.

पण ही स्त्री मरत नाही. त्याच चित्रात एक सेवक हातात मुकुट घेऊन उभा आहे आणि सगळी कथा त्या मुकुटात आहे. गौतम बुद्धांचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला. त्याने उतरवलेला मुकुट त्याच्या पत्नीकडे, सुंदरीकडे, परत आला. तो पाहून ती कोसळली आहे. अश्वघोषाने याच नंद-सुंदरीवर ‘सौंदरनंद’ हे महाकाव्य लिहिले. ‘मरणोन्मुख’ म्हटले की मुकुटाकडे पाहण्याची गरजच उरत नाही. एका माणसाला मुक्तीची वाट सापडते तेव्हा घरात मागे राहिलेल्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न चित्रकाराने विहाराच्याच भिंतीवर, भिक्षूंच्या डोळ्यांसमोर मांडला होता. चुकीच्या नावाने तो पुसला आणि सुंदरीच्या दुःखाचे कारणच तिच्याकडून काढून घेतले.

पहिल्या लेण्यातल्या दरबाराच्या चित्राचेही असेच झाले. सिंहासनावर राजा आहे, समोर टोकदार टोप्या घातलेले परदेशी आहेत. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी निर्वाळा दिला की हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी आणि त्याच्या भेटीला आलेले हे इराणच्या खुस्रोचे वकील. सनावळीत बसवता येईल असा राजा त्यांना हवा होता, तो त्यांना भिंतीवर दिसला. मग त्या नावाच्या आधारे चित्राला सातवे शतक बहाल झाले. पुढे डीटर श्लिंगलॉफ यांनी हे चित्र महासुदर्शन राजाच्या कथेशी, म्हणजे बुद्धांच्या एका पूर्वजन्माशी, जोडून दाखवले. वॉल्टर स्पिंक यांनी हे लेणे पाचव्या शतकात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात नेऊन ठेवले. परदेशी टोप्या खऱ्याच आहेत. त्या काळच्या व्यापाराची ती खूण आहे. वकिलातीची गोष्ट मात्र पाहणाऱ्याने सोबत आणलेली होती.

हा दोष केवळ साहेबांचा नाही. चाळीसगाव तालुक्यात पाटण्याच्या डोंगरात ‘सीतेची न्हाणी’ आहे; शेजारच्या ‘नागार्जुन कोठी’त मूर्ती आहेत त्या जैनांच्या. नाशिकची बौद्ध लेणी आपण पांडवांच्या नावे केली. गोष्ट ओळखीची नसेल तर माणूस आपल्या घरातली गोष्ट त्या जागी ठेवतो. त्यात माया असते, आणि अशा मायेमुळेच कित्येक जागा लोकांच्या स्मरणात टिकल्या, हे मी मनापासून मानतो. तरीही मायेने दिलेल्या नावाखाली ज्यांनी ती लेणी कोरली ते झाकले जातात.

नाव ठरवायला साक्षीदार लागतो. लिओनार्दोच्या ‘शेवटचे भोजन’ या चित्रात येशूचा कोणता शिष्य कुठे बसला आहे, हे ठरवताना स्वित्झर्लंडमधल्या पोंते काप्रियास्का गावच्या चर्चमधली जुनी नक्कल उपयोगी पडली. तिच्यात प्रत्येकाचे नाव लिहिलेले आहे. अजिंठ्यातही असे साक्षीदार आहेत. बाविसाव्या लेण्यात विपश्यीपासून मैत्रेयापर्यंत बुद्धांची नावे त्यांच्या चित्रांसोबत रंगवलेली आहेत. दुसऱ्या लेण्यातली झिजलेली अक्षरे हाइनरिश ल्युडर्स यांनी वाचली, तेव्हा ते आर्यशूराच्या ‘जातकमाले’तले श्लोक निघाले आणि चित्रातली क्षांतिवादी ऋषीची कथा पक्की झाली. काही साक्षी मात्र कायमच्या गेल्या. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे इथे राहून केलेल्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जवळपास सगळ्या जळाल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे. त्यांच्या काळी शाबूत असलेला किती रंग आज भिंतीवर उरलेला नाही, हे ध्यानात घेतले की त्या आगीने काय नेले ते कळते.

साक्षीचा हा आग्रह आपल्याकडेही जुनाच आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२६ मध्ये धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही तिथे आहे. अस्सल कागद हाती येईपर्यंत इतिहासाची वाक्ये लिहायची नाहीत, ही शिस्त त्यांनी महाराष्ट्राला लावली. चित्राच्या बाबतीत अस्सल कागद म्हणजे हातातली वस्तू, अंगावरचा दागिना, शेजारचे पात्र आणि त्या काळचा ग्रंथ. हे सगळे पाहूनही कधी निकाल लागत नाही. पहिल्या लेण्यात दाराच्या एका बाजूला पद्मपाणी आहे; दुसऱ्या बाजूला उभा असलेला मुकुटधारी बोधिसत्त्व बहुतेक ठिकाणी ‘वज्रपाणी’ म्हणून छापला जातो. अभ्यासकांचे त्यावर एकमत नाही. अशा वेळी ‘एक बोधिसत्त्व’ एवढेच म्हणणे हा प्रामाणिकपणा आहे.

खानदेशाला तर हा प्रामाणिकपणा अधिकच लागू आहे. सतराव्या लेण्याच्या शिलालेखातले दानशूर राजघराणे ऋषीक देशाचे मानले जाते आणि ऋषीक म्हणजे खानदेश, असे वा. वि. मिराशी यांनी मांडले. ते खरे असेल तर त्या लेण्यातली चित्रे आपल्याच मुलखाच्या पैशाने रंगली. जळगाव-धुळ्याहून दर हिवाळ्यात शाळांच्या सहली तिथे जातात. सोळाव्या लेण्यात मुलांना नाव सांगायची घाई करू नये. आधी विचारावे: त्या सेवकाच्या हातात काय आहे? तो मुकुट कुणाचा? तो इथे का आला? या प्रश्नांतून जो सुंदरीपर्यंत पोहोचेल, तो पुढे कुठल्याही माणसाला नाव चिकटवण्याआधी त्याची गोष्ट विचारील. अजिंठ्याने आपल्या मुलांना एवढे शिकवले तरी ते मोठे शिक्षण आहे.