आप्ताचे वाक्य : सहनाटककाराच्या शिफारशीविषयी

एका नाटककाराने दुसऱ्या नाटककाराची नवी एकांकिका वाचावी, ती त्याला रुचावी, आणि त्याने ती एखाद्या दिग्दर्शकापुढे, संपादकापुढे किंवा हौशी नाट्यसंस्थेपुढे ‘ही करून पाहा’ म्हणून ठेवावी, ही गोष्ट मराठी नाट्यव्यवहारात इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यात विचार करण्याजोगा काही प्रश्न असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. समीक्षा तिची दखल घेत नाही. नाट्येतिहासातही ती क्वचितच उतरते. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की एकांकिकेचे भवितव्य छापील परीक्षणापेक्षा या तोंडी शब्दावर कितीतरी अधिक अवलंबून असते. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची आंतरमहाविद्यालयीन पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे; अशा स्पर्धांसाठी लिहिल्या जाणाऱ्या संहितांपैकी फारच थोड्या पुढे पुस्तकरूप घेतात. बाकीच्या पूर्वी चक्रमुद्रित वा झेरॉक्स प्रतींच्या रूपाने आणि आता भ्रमणध्वनीवरून या हातातून त्या हातात जातात. जी संहिता दुकानात मिळत नाही तिच्याकडे जाण्याचा रस्ता कोणाच्या तरी सांगण्यातून जातो. आणि सांगणारा पुष्कळदा स्वतःही एकांकिका लिहिणाराच असतो.

या सांगण्याला प्रामाण्य कोठून येते? न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानले ते आप्ताचा उपदेश म्हणून. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त तो, ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगावी एवढ्याच इच्छेने जो बोलतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू पडते, असेही तो नमूद करतो; म्हणजे आप्तत्व कुळावर वा पदावर अवलंबून नाही. मराठीत या शब्दाचे पुढे जे झाले ते मोठे उद्बोधक आहे. ‘आप्त’ म्हणजे नातलग. ‘आप्तेष्ट’ म्हणजे लग्नपत्रिकेत ज्यांच्यासह आपण निमंत्रण देतो ती मंडळी. विश्वसनीय साक्षीदार आणि आपला माणूस, हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदू लागले. सहनाटककाराच्या शिफारशीतला पेच नेमका या दोन अर्थांच्या मधल्या जागेत आहे. तो विश्वसनीय असतो, कारण पात्राला रंगमंचावरून बाहेर कसे काढावे, चाळीस मिनिटांत भूतकाळ किती मावतो, संवादातला कोणता विराम खरा आणि कोणता केवळ टिंबांचा, हे तो आतून जाणतो. आणि तो संशयास्पद ठरतो तोही याच जवळिकीमुळे. लेखक त्याच्या ओळखीचा असतो, मागचा मसुदा त्याने वाचलेला असतो, उद्या त्याची स्वतःची एकांकिका याच लेखकाच्या हातात पडायची असते.

या पेचावरचा सर्वांत परिचित तोडगा ह्यूमचा आहे. अभिरुचीच्या निकषावरील १७५७ च्या निबंधात त्याने अशी अपेक्षा केली की लेखकाशी मैत्री असो वा वैर, समीक्षकाने ते नाते बाजूला ठेवून सामान्य माणूस म्हणून कृतीसमोर यावे. परीक्षकाला ही अपेक्षा शोभून दिसते. शिफारस करणाऱ्याला ती पेलत नाही, आणि पेलली तर त्याच्या शिफारशीत काही उरतही नाही. लेखकाची वाट, त्याचे मागचे अपयश, या खेपेस त्याने टाकलेले पाऊल हे ज्याला दिसते त्याचेच सांगणे ऐकण्याजोगे असते. तटस्थता हा येथे गुण आहे असे गृहीत धरणे म्हणजे साक्षीदाराने घटनास्थळी हजर नसावे असे म्हणण्यासारखे आहे.

कांटचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. १७९० च्या त्याच्या ग्रंथात तरुण कवीचे एक उदाहरण येते: आपली कविता सुंदर आहे ही त्याची खात्री लोकांच्या वा मित्रांच्या सांगण्याने ढळत नाही, पुढे सरावाने त्याची निर्णयशक्ती तीक्ष्ण होते तेव्हा तो आपण होऊन ती सोडतो. सौंदर्यविषयक निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा असतो, तो दुसऱ्याकडून उसना घेता येत नाही. मराठी वाचकाला हा विचार रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) अपरिचित नाही. हे मान्य केले तर ‘अमक्याची एकांकिका चांगली आहे’ या वाक्यातून ऐकणाऱ्याच्या पदरात काय पडते? एकांकिकेचे चांगलेपण तर पडत नाही. पडते ते एवढेच की ती वाचण्यात, ती हाती घेण्यात वेळ घालवायला हरकत नाही. शिफारशीने निर्णय हस्तांतरित होत नाही, कृतीला निमित्त मात्र मिळते. त्यामुळे तिची छाननी सौंदर्यशास्त्रापेक्षा नीतिशास्त्राच्या अंगाने करावी लागते.

नाटकाच्या बाबतीत ही कृती वाचनापुरती नसते. कवितासंग्रहाची शिफारस फसली तर वाचकाची एक संध्याकाळ जाते. एकांकिकेची फसली तर सात-आठ जणांच्या महिनाभराच्या संध्याकाळी जातात, तालमीच्या जागेचे भाडे जाते, आणि बहुधा ही माणसे दिवसा नोकरी वा अभ्यास करणारी असतात. शिफारस करणारा स्वतःचे फारसे काही खर्च न करता दुसऱ्यांचा वेळ, देह आणि उसने पैसे खर्चात टाकत असतो. मराठीत याला दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत, आणि त्यांतले अंतर फार मोलाचे आहे. ‘शब्द टाकणे’ आणि ‘जामीन राहणे’. शब्द टाकणाऱ्याचे काही जात नाही. काम झाले तर उपकार खाती जमा होतो, न झाले तर तो विसरला जातो. जामीन राहणाऱ्याचे काहीतरी गहाण असते. आपल्या प्रस्तावना, मलपृष्ठावरचे मजकूर आणि प्रकाशन समारंभातली भाषणे बहुतांशी पहिल्या जातीची आहेत. शिफारशीला नैतिक वजन येते ते दुसऱ्या जातीत.

एका लहान नाटकाचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. एडवर्ड आल्बीने १९५८ मध्ये ‘द झू स्टोरी’ लिहिले: बाकावर बसलेला एक माणूस, त्याच्याशी बोलायला आलेला दुसरा, बाकी काही नाही. न्यूयॉर्कमध्ये ते कोणी घेतले नाही. आल्बीचा संगीतकार मित्र विल्यम फ्लॅनगन याने ते फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्या डेव्हिड डायमंड या दुसऱ्या संगीतकाराकडे धाडले. डायमंडने पिंकास ब्राउन या स्विस नटाकडे. ब्राउनने फ्रँकफुर्टच्या एस. फिशर प्रकाशनसंस्थेच्या नाट्यविभागप्रमुख स्टेफानी हुन्झिंगर यांच्याकडे. तेथून ते बर्लिनला गेले आणि सप्टेंबर १९५९ मध्ये शिलर थिएटरच्या छोट्या रंगमंचावर जर्मन भाषेत त्याचा पहिला प्रयोग झाला. जोडीला बेकेटचे ‘क्रॅप्स लास्ट टेप’ होते. जानेवारी १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रॉव्हिन्सटाउन प्लेहाउसमध्येही हीच जोडी लागली.

या साखळीतला ब्राउनचा दुवा विशेष आहे. त्याने नुसती प्रत पुढे सरकवली नाही. दोन्ही भूमिका स्वतःच्या आवाजात वाचून त्या ध्वनिफितीवर मुद्रित केल्या आणि ती फीत धाडली. (जोडीच्या बेकेटच्या नाटकातही एक म्हातारा आपल्याच आवाजाच्या फिती ऐकत बसतो, हा योगायोग गमतीचा.) शिफारस करणाऱ्याने येथे आपला आवाज, आपली मेहनत आणि एका मर्यादेपर्यंत आपली नट म्हणून असलेली प्रतिष्ठा गहाण टाकली. ऐकणारीला ‘नाटक चांगले आहे’ हे मत मिळाले नाही, नाटक मिळाले. कांटच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर क्वचित मिळेल: निर्णय उसना देता येत नसेल, तर ज्यावरून निर्णय करायचा तो अनुभवच जवळ नेऊन ठेवावा.

आल्बीने पुढे हे ऋण ज्या रीतीने फेडले तीही ध्यानात घ्यावी. ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’च्या नफ्यातून त्याने आपले निर्माते रिचर्ड बार आणि क्लिंटन वाइल्डर यांच्यासह १९६३ मध्ये ‘प्लेराइट्स युनिट’ सुरू केले व १९७१ पर्यंत तेथे नव्या लेखकांची नाटके होत राहिली. समव्यवसायी लेखकांची भलावण त्याने स्वतःच्या नाटकाच्या पैशाने केली, हे महत्त्वाचे.

मराठीकडे वळले की चित्र थोडे वेगळे दिसते. महेश एलकुंचवार नाटकाकडे ओढले गेले ते तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो, मी हरलो’ पाहून. परंतु त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ मध्ये ‘सत्यकथे’त प्रसिद्ध झाली आणि ती छापील पानावर वाचून विजया मेहता यांनी ती रंगभूमीवर आणण्याचे मनावर घेतले. नागपूरला राहणाऱ्या लेखकाला मुंबईच्या रंगभूमीचे दार उघडले ते एका नियतकालिकाने. या उदाहरणातून शिफारशीची एक मर्यादा स्पष्ट होते. आप्ताचे वाक्य आप्तांच्या वर्तुळातच फिरते. ज्याची ओळख नाही त्याच्या वतीने कोण बोलणार? नियतकालिकाचे पान हे अनोळखी माणसासाठीही जामीन राहू शकते. कारण संपादक ते पान दुसऱ्या कोणाला देऊ शकला असता. एकांकिका छापणारी अशी नियतकालिके विरळ होत गेली तसतसे वर्तुळ आकसत गेले. पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने, सतीश आळेकर यांच्या पुढाकाराने, नाटककारांसाठी जी योजना राबवली तिचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. एका नाटककाराची गुणग्राहकता तेथे संस्थेच्या रूपाने काम करू लागली.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त भावकांचे चार प्रकार सांगितले: ज्याला काहीच रुचत नाही तो अरोचकी, गवतासकट सारे गिळणारा सतृणाभ्यवहारी, मत्सरी, आणि हजारात एखादा तत्त्वाभिनिवेशी. कवी आणि भावक एकच असू शकतात काय या वादात, सोने प्रसवणारा दगड वेगळा आणि त्याची परीक्षा करणारा दगड वेगळा, हा पक्षही तो नोंदवतो. राजशेखर स्वतः नाटककार होता, तेव्हा हा वाद त्याच्या दृष्टीने केवळ शास्त्रीय नसावा. बाहेरच्यांची समजूत अशी असते की समव्यवसायी लोक मत्सरी असतात. मराठी एकांकिकेच्या व्यवहारात मत्सराहून सतृणाभ्यवहार अधिक आढळतो. मत्सरी भावक निदान दुसऱ्याची कृती बारकाईने वाचतो. सगळ्यांचे सगळे नावाजणारा कोणाचेच वाचत नाही, आणि त्याच्या शब्दाचे मोल नाण्याप्रमाणे घसरत जाते. त्याचा पहिला फटका बसतो तो खरोखरीच चांगल्या नव्या लेखकाला, कारण त्याच्याविषयीचे खरे वाक्यही त्याच घसरलेल्या चलनात बोलावे लागते.

याच गवतात आणखी एक जात उगवते: विषयाची शिफारस. प्रेमानंद गज्वी यांच्या ‘घोटभर पाणी’ (१९७७) या एकांकिकेविषयी बोलताना तिचा विषय ‘महत्त्वाचा’ आहे एवढे म्हणून थांबणे सोयीचे असते. अस्पृश्यतेचा प्रश्न महत्त्वाचा आहे हे सांगायला एकांकिका वाचावी लागत नाही. शतकांचा अन्याय तहान या एका शारीर गोष्टीत आणून ठेवणे, ही नाटककाराची निवड आहे. तिच्याविषयी मौन पाळून केवळ विषयाला मान देणे म्हणजे लेखकाला पंगतीत बोलावून निराळ्या पानावर बसवणे होय. दलित, ग्रामीण आणि स्त्री नाटककारांच्या वाट्याला अशा सन्मान्य शिफारशी पुष्कळ आल्या आहेत.

शिफारस नाकारणे हीही एक कृती आहे. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी मुख्य करंडक कोणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. कोणी या निर्णयाला प्रामाणिक म्हटले, कोणी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तो कठोर मानला. त्या वादात न शिरता एवढे म्हणता येईल की परीक्षकाचा नकार आणि सहनाटककाराचा नकार यांची जात एक नाही. परीक्षकापुढे पारितोषिक असते, त्याला हो किंवा नाही म्हणावेच लागते, आणि त्याचा नकार जाहीर होतो. सहनाटककार नुसता गप्प राहू शकतो. त्याच्या गप्प राहण्याची नोंद कोठेही होत नाही, आणि ज्याच्याविषयी तो गप्प राहिला त्या लेखकाला आपल्यावर काही निर्णय झाला हे कळतही नाही.

उरतो प्रश्न दोषांचा. आवडलेल्या एकांकिकेतही एखादा प्रवेश सैल असतो, शेवट ओढून आणलेला असतो. दिग्दर्शकाला हे सांगावे काय? जामीन राहणाऱ्याने सांगितलेच पाहिजे. कर्जदाराची अडचण झाकून दिलेला जामीन ही फसवणूक आहे. परंतु बहुतेक शिफारशी कच्च्या ठरतात त्या याच्या पुढच्या पायरीवर. दिग्दर्शकाला जे सांगितले ते लेखकाला सांगितले जात नाही. त्याला फक्त ‘छान झाली आहे, अमक्याला दिली आहे’ एवढेच ऐकू येते. यामागे सौजन्य असते, थोडी भीतीही असते. चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत एक सैल प्रवेश दहा मिनिटे खातो. दिग्दर्शकाला ते तालमीच्या दुसऱ्या आठवड्यात उभे राहिल्यावर जाणवणारच असते, आणि तोवर लेखकाकडून नवा मसुदा लिहवून घेण्याची वेळ टळून गेलेली असते.